बोटीत कुठे बसायचं

२ ऑक्टोबर २००५, रविवार. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्ज या सरोवरावर स्वच्छ ऊन पडलं होतं. ‘इथन ॲलन’ ही सुमारे बारा मीटर लांबीची पर्यटक बोट ४७ प्रवाशांना घेऊन फेरीला निघाली होती. बहुतेक प्रवासी वयस्कर, मिशिगनहून सहलीला आलेले. बोटीला ४८ प्रवाशांचा परवाना होता, म्हणजे कागदावर एक जागा शिल्लकच होती. वादळ नव्हतं, कुणी दंगामस्ती करत नव्हतं, सगळे आपापल्या बाकावर बसलेले होते. बाजूने लाट आली, बोट वळली आणि डावीकडे कलली. कलताच बाकांवरची माणसं बसल्याबसल्याच डाव्या बाजूला घसरली. त्यांच्या वजनाने बोट आणखी कलली, आणि काही क्षणांत उलटली. वीस जण गेले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या अपघाताचा बारकाईने तपास केला. ४८ हा आकडा ज्या हिशेबाने आला होता, त्यात माणशी वजन १४० पौंड, म्हणजे साधारण ६३.५ किलो धरलेलं होतं. त्या दिवशीच्या प्रवाशांचं सरासरी वजन १७८ पौंड, म्हणजे ८१ किलोच्या आसपास निघालं. शिवाय बोटीवर आधी कापडी छत होतं, ते काढून लाकडी छत बसवलं होतं. छत जड झालं, तेही उंचावर, पण त्यानंतर बोटीच्या स्थैर्याची चाचणी पुन्हा कुणी घेतली नव्हती. नव्या छतासह आणि खऱ्या वजनांसह हिशेब केल्यावर तपासात आलेला सुरक्षित आकडा होता १४.

त्याच्या आदल्या वर्षी, ६ मार्च २००४ रोजी, बाल्टिमोरच्या बंदरात ‘लेडी डी’ नावाची छोटी प्रवासी बोट अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात उलटली होती. त्यात २५ पैकी पाच जण दगावले. तिथेही तोच जुना १४० पौंडांचा माणूस हिशेबात बसलेला होता. या दोन अपघातांनंतर अमेरिकी तटरक्षक दलाने नियम बदलला, आणि डिसेंबर २०११ पासून माणशी १८५ पौंड, म्हणजे जवळजवळ ८४ किलो धरायला सुरुवात झाली. केवळ वजनाचाच प्रश्न असता, तर जुन्या हिशेबातल्या शंभर माणसांची जागा नव्या हिशेबात पंचाहत्तर माणसांना पुरली असती.

वजनाची चूक दुरुस्त झाली हे चांगलंच झालं. पण मला या प्रकरणात जास्त महत्त्वाचं वाटतं ते घसरणं. बोटीच्या बाजूवर रंगवलेला ‘प्रवासी क्षमता’ हा आकडा कधीच एकटा नसतो. अमुक इतकी माणसं, अमुक वजनाची, अमुक ठिकाणी बसलेली, असं ते पूर्ण वाक्य असतं. त्यातलं शेवटचं ‘अमुक ठिकाणी’ रंगवलं जात नाही, म्हणून आपण ते विसरतो. मोटारीत प्रवासी कुठेही बसला तरी चाकं जमिनीवरच राहतात. पाण्यावर तसं नसतं. बोटीत बसलेला माणूस हा बोटीच्या वजनाचा हलणारा भाग असतो.

बोट सरळ का राहते, हे आधी पाहू. तिचं सगळं वजन, म्हणजे लाकूड, इंजिन, डिझेल, माणसं आणि सामान मिळून, एका बिंदूतून खाली ओढ घेतं. हा गुरुत्वमध्य. पाणी तिला खालून वर ढकलतं, त्या उचलीचाही एक मध्य असतो. बोट एका अंगाला कलली की त्या अंगाचा जास्त भाग पाण्यात जातो, आणि उचलीचा मध्य त्या बाजूला सरकतो. आता वजन मध्यातून खाली ओढतंय आणि पाणी कललेल्या बाजूने वर ढकलतंय, म्हणून बोट पुन्हा सरळ होते. हे किती जोराने घडेल, ते ठरवणारा एक काल्पनिक बिंदू आहे. त्याला मेटासेंटर म्हणतात. फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर बुगेर याने १७४६ साली जहाजांवरच्या आपल्या ग्रंथात ही कल्पना मांडली. गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या जितका खाली, तितकी बोट सावरायला तयार. गुरुत्वमध्य वर चढत मेटासेंटरपर्यंत पोचला, की सावरणारा जोर संपतो. तळाशी शिसं भरलेली बाहुली ढकलली तरी उभी राहते. तेच शिसं तिच्या डोक्यात भरलं तर ती हात लावताच आडवी होईल.

एक हिशेब करून पाहू. समजा माणसांसकट आठ टन वजनाची, तीन मीटर रुंदीची लाँच आहे. पाण्यापासून तिचा काठ साठ सेंटिमीटर वर आहे आणि गुरुत्वमध्यापासून मेटासेंटरचं अंतर ऐंशी सेंटिमीटर आहे. त्यातली वीस माणसं, प्रत्येकी सत्तर किलोची, आपल्या जागेवरून एक मीटर डावीकडे सरकली. बोट साधारण १२ अंश कलेल आणि डावा काठ पाण्याकडे तीसेक सेंटिमीटर झुकेल. लोक ओरडतील, पण बोट तरेल. आता तीच वीस माणसं आधी सव्वादोन मीटर वर, टपावर जाऊन बसली आहेत असं समजा. नुसत्या चढण्याने बोटीचा गुरुत्वमध्य जवळजवळ चाळीस सेंटिमीटर वर आला आणि सावरण्याची ताकद निम्म्याने घटली. बोट स्थिर पाण्यात उभी असेल तर हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. मग टपावरची माणसं तशीच एक मीटर डावीकडे सरकली की कल जातो सुमारे २३ अंशांवर आणि काठ ५९ सेंटिमीटर खाली येतो. साठपैकी एकच उरला. त्यात एक लाट आली, की पाणी आत. माणसं तितकीच, वजन तितकंच, आकडा परवान्यातलाच. बदलली ती फक्त बसायची जागा.

जहाजांचे आराखडे करणाऱ्यांना हे नीट माहीत असतं, आणि त्यांच्या नियमांत ते लिहिलेलंही आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २००८ च्या स्थैर्यसंहितेत प्रवासी जहाजांसाठी एक स्वतंत्र कसोटी आहे. सगळे प्रवासी एका बाजूला गोळा झाले तरी जहाज १० अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये. हिशेबात माणूस निदान ७५ किलोचा धरायचा, आणि गर्दी एका चौरस मीटरला चार माणसं इतकी दाट असू शकते असं मानायचं. त्यातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य डेकपासून एक मीटर उंच धरायचा, आणि बसलेल्या माणसाचा बाकाच्या फळीपासून फक्त तीस सेंटिमीटर. म्हणजे ‘बसून रहा’ ही सूचना शिष्टाचाराची नाही. प्रवासी बसले आहेत की उभे, हे गृहीत धरूनच जहाजाचा हिशेब झालेला असतो. बसण्यासाठी आखलेल्या बोटीत सगळे उठून उभे राहिले, तर ज्या बोटीला परवाना मिळाला ती बोट आता पाण्यावर नसते, तिच्या जागी दुसरीच, कमी स्थिर बोट असते.

मोठ्या जहाजावर ही कसोटी आराखड्यात पार पडते, म्हणून तिथे माणूस डेकवर मोकळा फिरू शकतो. पन्नास-साठ माणसांच्या लाँचमध्ये, दहा माणसांच्या होडीत तेवढा पैस नसतो. मालवण-तारकर्लीच्या किंवा गोव्यात सिकेरीच्या समुद्रात डॉल्फिन दाखवायला जाणाऱ्या होड्यांवर हे रोज पाहायला मिळतं. पाण्यातून पाठ वर आली की सगळे मोबाइल घेऊन त्याच अंगाला. जुना जाणता नाखवा अशा वेळी डॉल्फिनकडे पाहत नाही, माणसांकडे पाहतो, आणि कुणी उठायच्या आत ओरडतो, ‘बसून बघा, मी फिरवतो बोट.’ त्याच्या आवाजातली करडेपणाची धार काही प्रवाशांना खटकते. ती खटकू नये. तो त्या क्षणी आपल्या बोटीचं स्थैर्य हाताने धरून ठेवत असतो.

केरळात तेक्कडीला पेरियार सरोवरावर ३० सप्टेंबर २००९ रोजी हेच घडलं. केरळ पर्यटन विकास महामंडळाची ‘जलकन्यका’ ही दुमजली बोट त्याच वर्षी सेवेत आली होती. सरोवराच्या काठावर जंगली जनावरं दिसली आणि ती पाहायला वरच्या मजल्यावरचे प्रवासी एका अंगाला गेले, असं वाचलेल्यांनी सांगितलं. बोट उलटली, ४५ पर्यटक मेले. त्यानंतरच्या चौकशीत बोटीच्या बांधणीपासून देखरेखीपर्यंत अनेक प्रश्न निघाले, आणि ते निघायलाच हवे होते. जनावर दिसलं की माणूस उठणारच, हे ज्यांना आधी सुचायला हवं होतं त्यांना सुचलं नाही, हा दोष प्रवाशांवर ढकलता येत नाही. जंगल दाखवायला नेणारी बोट ही माणसं एका बाजूला गोळा होणार असं धरूनच बांधली पाहिजे. ७ मे २०२३ रोजी केरळातच तानूरला मासेमारीची बोट बदलून केलेली दुमजली पर्यटक बोट उलटली आणि २२ जण गेले. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं, त्यांतली बरीच वरच्या मजल्यावर. मासेमारीच्या बोटीत वजन तळाशी असतं, बर्फ आणि मासळी खणात. तिच्यावर मजला चढवून माणसं वर बसवली, की जी बोट समुद्रात वर्षानुवर्षं टिकली असती ती शांत पाण्यातही टिकत नाही.

आपल्याकडे ‘रामदास’ची आठवण अजून पुसलेली नाही. रेवस-अलिबागकडच्या घरांत आजही तिचं नाव निघालं की आवाज खाली येतो. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ आगबोट रेवसला निघाली. पावसाळी समुद्र, बोट माणसांनी भरलेली, त्यांत सणाला गावी जाणारे चाकरमानी होते. काशाच्या खडकाच्या आसपास उजव्या अंगाने मोठी लाट बोटीवर आदळली. भेदरलेले प्रवासी दुसऱ्या अंगाला धावले आणि बोट त्या बाजूला आडवी झाली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत जमतील तेवढी माणसं ओढून घेतली, म्हणून काही वाचले. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता, आणि पुढच्या गदारोळात या बातमीला जितकी जागा मिळायला हवी होती तितकी मिळाली नाही, असं मला नेहमी वाटत आलं आहे. त्या प्रवाशांची काही चूक होती असं मी म्हणणार नाही. अंगावर पाणी आलं की माणूस पाण्यापासून दूर पळतो, हे शरीराचंच आहे. म्हणूनच घाबरल्यावर काय करायचं, हे घाबरण्याच्या आधी, धक्का सोडण्याच्या आधी सांगून ठेवावं लागतं.

आतापर्यंत बोलणं चाललं ते बोट उलटण्याचं. छोट्या वेगवान बोटींमध्ये धोका वेगळा आहे. तिथे बोट शाबूत राहते आणि माणूस पडतो. अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या कायद्यात म्हणूनच स्पष्ट लिहिलं आहे की बोट वेगात असताना तिच्या पुढच्या टोकावर, कडेच्या काठावर, मागच्या फळीवर किंवा आसनाच्या पाठीवर कुणी बसायचं नाही. बोट धिम्या गतीने धक्क्याला लागत असेल, नांगर टाकत असेल, तेवढीच सूट. आपल्याकडे नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, पाय सोडून बसणं ही सहलीतली सगळ्यात हवीहवीशी जागा समजली जाते, लहान मुलांना तर हौसेने तिथे बसवतात. त्या जागेचा हिशेब असा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी सहा मीटर लांबीची बोट स्वतःची लांबी जेमतेम अर्ध्या सेकंदात कापते. पुढून पडलेलं मूल त्या अर्ध्या सेकंदात बोटीच्या खालून मागे, पंख्यापाशी पोचतं. चालकाला ओरडणं ऐकू येऊन त्याचा हात हलेपर्यंत सगळं झालेलं असतं. मिनिटाला ३२०० फेरे घेणारा तीन पात्यांचा पंखा एका सेकंदात १६० घाव घालतो. दोन पिंपांवर तरंगणाऱ्या सपाट पॉन्टून बोटीत पुढच्या कठड्याबाहेर बसलेल्याची स्थिती आणखी वाईट, कारण ती दोन पिंपं पडलेल्या माणसाला बाजूला जाऊच देत नाहीत, सरळ मधून पंख्याकडे नेतात.

पंखा थांबवणारी एक साधी दोरी असते. तिचं एक टोक चालकाच्या अंगाला अडकवायचं, दुसरं इंजिनच्या कळीला. चालक जागेवरून उडाला की इंजिन बंद. ५ मे २०१३ रोजी इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या कॅमल खाडीत एका कुटुंबाची सहाही माणसं रबरी कडांच्या वेगवान बोटीतून बाहेर फेकली गेली. दोरी चालकाला अडकवलेली नव्हती. रिकामी बोट गोल फिरत त्यांच्यावरच आली आणि दोघांचा जीव गेला. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान, तीन किंवा अधिक अश्वशक्तीच्या बोटींवर ही दोरी किंवा तिचं बिनतारी रूप वापरणं बहुतांशी सक्तीचं आहे. पण दोरी चालकाची असते. नाळेवरून पडलेल्या प्रवाशासाठी ती काहीच करत नाही, त्याच्यासाठी उपाय एकच, तिथे न बसणं.

पुढच्या टोकावर न बसण्याचं आणखी एक कारण पाठीच्या कण्याशी आहे. वेगात लाटेवर आपटणाऱ्या बोटीचा मागचा भाग तुलनेने कमी हलतो आणि पुढचा भाग सगळ्यात जास्त उचलला जाऊन आदळतो. तिथे बसलेल्या माणसाचा कणा तो धक्का बसल्या जागी घेतो, आणि कण्याचे मणके दबून मोडल्याची प्रकरणं ब्रिटनच्या सागरी अपघात तपासणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा नोंदवली आहेत. म्हणून वेगवान बोटीत गरोदर बाई, वयस्कर माणूस, पाठीचा त्रास असलेला कुणीही असेल, तर त्याची जागा मागच्या अर्ध्यात, मध्याजवळ. शिवाय पुढे उभी राहिलेली माणसं चालकाच्या डोळ्यांसमोर भिंत होतात. समुद्रावरची टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत पाचवा नियम डोळ्यांनी आणि कानांनी सतत पाळत ठेवण्याचा आहे. दोन प्रवाशांच्या खांद्यांमधून दिसेल तेवढंच पाहणाऱ्या चालकाला तो पाळता येत नाही.

मग सगळ्यांनी मागे बसावं का? तसंही नाही. बाहेरून लावलेल्या इंजिनच्या होडीची मागची फळी मुद्दाम ठेंगणी ठेवलेली असते, कारण तिच्यावर इंजिन टांगायचं असतं. चार जाडजूड माणसं मागे जमली की ती फळी पाण्याला टेकते आणि बोट एकदम थांबली की मागून येणारी स्वतःचीच लाट आत शिरते. उलट पुढे वजन जास्त झालं की नाळ पाण्यात रुतते आणि बोट सुकाणू ऐकेनाशी होते. मागच्या जागेचा एक धोका तर डोळ्यांना दिसतच नाही. इंजिनच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड बोटीच्या मागे साठतो. अमेरिकेतल्या लेक पॉवेल सरोवरावर २००० साली घरबोटीच्या मागच्या पोहण्याच्या फळीखाली गेलेली दोन लहान भावंडं या वायूने गेली. तिथल्या तज्ज्ञांनी मोजमापं घेतली तेव्हा अशा जागेत हा वायू जीवघेण्या प्रमाणात सापडला. म्हणून इंजिन किंवा जनरेटर चालू असताना मागच्या फळीवर बसणं, तिला धरून पाण्यात लोंबकळणं, दोन्ही बंद.

कडेच्या काठावर हात ठेवून बसण्याचीही सवय असते. गेटवे ऑफ इंडियाला बोटी एकमेकींना लागून उभ्या राहतात, प्रवासी एका बोटीतून दुसरीत जातात. दोन बोटींमध्ये किंवा बोट आणि धक्क्यामध्ये हात सापडला तर बोटीचं वजन कित्येक टन असतं आणि बोटांची हाडं ती काय. हात आत, गुडघे आत, एवढं साधं.

छताबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. ऊन-पावसापासून बचाव म्हणून बंद छत आणि काचेच्या खिडक्या प्रवाशांना आवडतात. बोट उलटली किंवा बुडू लागली की तेच छत झाकण होतं, आणि अंगात घातलेलं लाइफ जॅकेट माणसाला वर उचलून त्या झाकणाला चिकटवून ठेवतं. १ मे १९९९ रोजी आर्कान्सा राज्यात ‘मिस मॅजेस्टिक’ ही जमिनीवरही चालणारी पर्यटक बोट बुडाली, १३ जण गेले. त्यानंतर राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अशा बोटींवरची छतं काढण्याची शिफारस केली. ती सगळीकडे पाळली गेली नाही. १९ जुलै २०१८ रोजी मिसूरीत टेबल रॉक सरोवरावर त्याच जातीची बोट वादळात बुडाली तेव्हा ३१ पैकी १७ जण दगावले, आणि छत होतंच. बंद बोटीत बसायची वेळ आली, तर बाहेर पडायची वाट कुठे आहे ते बसण्याआधी डोळ्यांनी पाहून ठेवावं. लहान मुलाला खिडकीच्या काचेपाशी अडकवून मोठ्यांनी वाटेकडे बसू नये, मुलाला आपल्या आणि वाटेच्या मध्ये बसवावं.

भारतात देशांतर्गत जलवाहतुकीला २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा लागू आहे. त्याने १९१७ चा जुना कायदा बाजूला केला. बोटीची नोंदणी, तपासणी, प्रवाशांची मर्यादा या गोष्टी त्यात येतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ साली बोट-सुरक्षेची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. १८ डिसेंबर २०२४ रोजी एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा जणांचा मृत्यू झाला, त्यानंतर मुंबई बंदरात लाइफ जॅकेटची सक्ती पुष्कळ कडक झाली. ते हवंच होतं. पण लाइफ जॅकेट हे पाण्यात पडल्यानंतरचं साधन आहे आणि प्रवाशांची संख्या हा धक्क्यावरचा हिशेब आहे. या दोहोंच्या मध्ये जो प्रवास असतो, त्यात माणसांनी कुठे असायचं, हे सांगणारी पाटी आपल्या बोटींवर क्वचितच दिसते. विमानात दोन मिनिटांची सूचना ऐकल्याशिवाय उड्डाण होत नाही. राजपुरीहून जंजिऱ्याला, मालवणहून सिंधुदुर्गाला, किंवा एखाद्या धरणाच्या पाण्यावर फिरायला जाणाऱ्या बोटीतही नांगर उचलण्याआधी तेवढाच वेळ मराठीत बोलायला काहीही खर्च येत नाही. माझ्या मते परवाना देताना ही सूचना आणि डेकवर रंगवलेल्या बसायच्या जागा यांची अट घातली पाहिजे. ज्या बोटीचा आकडा टप रिकामा धरून काढला आहे, तिच्या टपाची शिडीच काढून टाकली पाहिजे.

बोट कलू लागली तर काय करायचं, हे त्या सूचनेत आलंच पाहिजे. जिथे आहात तिथेच खाली बसायचं, शक्य तितकं तळाजवळ, आणि समोरचा दांडा किंवा बाक धरायचा. उंच झालेल्या बाजूकडे सगळ्यांनी मिळून धाव घ्यायची नाही, कारण तेवढ्यात बोट सावरून परत येत असते, आणि माणसांचा लोंढा तिच्याबरोबर त्याच दिशेने गेला तर ती पलीकडे जाते. कुणाला हलवायचं असेल तर तांडेल नाव घेऊन किंवा हात करून सांगेल, एकेकाला.

आणि बोट धक्क्याला बांधली म्हणजे धोका संपला असं नाही. शिकागोत २४ जुलै १९१५ रोजी ‘ईस्टलँड’ हे जहाज नदीत धक्क्याला बांधलेलं असतानाच कलंडलं. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कामगारांची कुटुंबांसह सहल निघायची होती, अडीच हजारांहून जास्त माणसं चढली होती. ‘टायटॅनिक’नंतर आलेल्या कायद्यापायी जहाजावर जास्तीच्या जीवनरक्षक नौका आणि तराफे नुकतेच चढवले होते, तेही वरच्या डेकवर, आणि जहाज मुळातच वरच्या अंगाने जड होतं. सहा-सात मीटर पाण्यात, किनाऱ्यापासून काही पावलांवर ८४४ माणसं मेली. आपल्याकडे मांडव्याला किंवा भाऊच्या धक्क्याला लाँच लागली की सगळे एकदम उठून, पिशव्या उचलून, उतरायच्या बाजूला दाटीने उभे राहतात. तिथेही नियम तोच आहे. दोर बांधून होईपर्यंत बसून राहायचं, उतरायच्या बाजूची रांग आधी रिकामी होऊ द्यायची, मग मधली, आणि पलीकडच्या काठाची रांग सगळ्यात शेवटी उठायची.